अ‍ॅस्पिरिन झालं, पण शुद्ध झालं का?

शंकुपात्रात २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल. त्यावर ५ मिलिलिटर अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड, तेही फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), कारण त्याची वाफ नाकाडोळ्यांना फार झोंबते. मग संहत सल्फ्युरिक आम्लाचे मोजके थेंब. पात्र गरम पाण्यात धरलं की भुकटी विरघळते आणि दहा-पंधरा मिनिटांत अभिक्रिया उरकते.

घडतं एवढंच: सॅलिसिलिक आम्लाच्या रेणूत कार्बनच्या कड्यावर एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, त्यातल्या हायड्रोजनची जागा अ‍ॅनहायड्राइडमधला अ‍ॅसिटिल गट घेतो आणि अ‍ॅस्पिरिन तयार होतं. हा हायड्रॉक्सिल गट लक्षात ठेवा, तोच पुढे चुगली करणार आहे.

आता थंड पाणी घालायचं. उरलेलं अ‍ॅनहायड्राइड त्यात मोडतं. पात्र बर्फात ठेवलं की स्फटिक येतात. नाहीच आले, तर काचकांडीने आतली भिंत जराशी खरवडावी. मग गाळणं, गार पाण्याने धुणं, सुकवणं.

हिशेबाने २ ग्रॅममधून जास्तीत जास्त २.६ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन मिळू शकतं. तराजूने त्याहून जास्त दाखवलं, तर आनंद नको. स्फटिक अजून ओले आहेत.

खरं काम इथून सुरू होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल गेरहार्ट यांनी १८५३ मध्येच हा पदार्थ बनवला होता, पण अशुद्ध रूपात. फेलिक्स हॉफमान यांनी बायर कंपनीत तो शुद्ध रूपात मिळवला १८९७ मध्ये. मधली चव्वेचाळीस वर्षं पाहिली की शुद्धतेची किंमत कळते.

परीक्षानळीत चिमूटभर स्फटिक, थोडं अल्कोहोल आणि फेरिक क्लोराइडचा एक थेंब. जांभळा रंग आला? म्हणजे तो हायड्रॉक्सिल गट अजून मोकळा आहे, सॅलिसिलिक आम्ल शिल्लक आहे. फार थोडं उरलं तरी रंग दिसतो. किती उरलं, ते मात्र नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

द्रवणांक त्याला पूरक. शुद्ध अ‍ॅस्पिरिन १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. भेसळ असेल तर वितळणं आधीच सुरू होतं आणि बरेच अंश रेंगाळतं. इथे तापवणं फार संथ ठेवलं, तर अ‍ॅस्पिरिन वितळण्याआधीच विघटित होऊ लागतं आणि आकडा फसवा येतो.

आता अनुमापन. सोडियम हायड्रॉक्साइड ही अल्कली थेंबाथेंबाने घालायची आणि किती लागली त्यावरून आम्ल मोजायचं. सोपं वाटतं, पण सॅलिसिलिक आम्लही आम्लच. त्याचा रेणू अ‍ॅस्पिरिनपेक्षा हलका, म्हणून एका ग्रॅममध्ये रेणू जास्त आणि अल्कलीही जास्त लागते. त्यामुळे कोरडा पण अशुद्ध नमुना चक्क शंभर टक्क्यांहून अधिक शुद्ध दिसू शकतो! म्हणून एकट्या अनुमापनावर विसंबू नये.

जांभळा रंग आलाच, तर स्फटिक थोड्या गरम अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, कोमट पाणी घालायचं, सावकाश थंड होऊ द्यायचं. गाळून, सुकवून पुन्हा तोच फेरिक क्लोराइडचा थेंब. रंग फेरिक क्लोराइडचा मूळ पिवळसरच राहिला, की द्रवणांक पुन्हा घ्यायचा.