फटाक्यांआधीचे वीस दिवस
(माहितीपटाचं निवेदन)

(पुणे, कोथरूड. दुसऱ्या मजल्यावरचं घर.)

दसरा झाला. दारावरचं झेंडूचं तोरण अजून पुरतं सुकलेलं नाही. फराळाचे डबे माळ्यावरच आहेत, खाली काढलाय तो एक छोटा स्पीकर. ही चिंगी, कुत्री. आई रस्त्यावरची, ही या घरातली. दिवाळीला वीस दिवस आहेत आणि फटाक्यांच्या आवाजाला न घाबरण्याची तिची शिकवणी आजपासून सुरू होतेय.

मोबाइलवर लवंगी माळेचं रेकॉर्डिंग लावलंय. आवाज इतका बारीक की पंख्याची घरघर त्याहून मोठी वाटावी. चिंगीचा उजवा कान बघा. वळला. लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. पुन्हा माळ, पुन्हा तुकडा. आधी आवाज, मग खाऊ. हा क्रम उलटा झाला तर खाऊ दिसला की आता काहीतरी फुटणार, असंच तिच्या मनात बसेल. पाचेक मिनिटं झाली की स्पीकर बंद.

दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढतो. इथे तिनं जांभई दिली, ओठांवरून जीभ फिरवली. झोप आलेली नाही, ताण आलाय. आजचं काम इथेच थांबतं आणि उद्या आवाज पुन्हा कमी होतो. घाईनं वाढवला तर भीती जाणं दूरच, ती पक्की होते. खरं सांगायचं तर वीस दिवस थोडेच आहेत. ज्यांचं कुत्रं कुकरच्या शिट्टीलाही दचकतं, त्यांनी उन्हाळ्यातच सुरुवात करावी आणि प्राण्यांच्या डॉक्टरांशीही तेव्हाच बोलून ठेवावं. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधानं अंग ढिलं पडतं, आतली भीती तशीच राहते. माणसांच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत.

आपल्याला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतच्या उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला साधारण 45 हजारांपर्यंतचे. नियमानं फटाक्याचा आवाज चार मीटरवर 125 डेसिबलपर्यंत चालतो. एवढा आवाज आपल्याही कानांना सोसत नाही.

(आतली खोली.)

चिंगीसाठी नवी गादी आणली होती. तिनं पसंत केली कपाट आणि पलंग यांच्यामधली बोळकांडी, रस्त्यापासून सगळ्यात लांबची. मग घरानं तीच जागा धरली. आजी खिडकीच्या फटीत जुनी गोधडी कोंबतायत. त्यांच्या आईच्या लुगड्यांची आहे, टाके अजून घट्ट आहेत. वर जाड पडदा, म्हणजे लखलखाटही आत येणार नाही. पंखा आणि टीव्ही चालू. खोलीचं दार मात्र उघडं. कोंडलेलं कुत्रं जास्त बिथरतं.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की त्याची भीती वाढते, असं अजूनही ठामपणे सांगतात. तसं होत नाही. जवळ आलं तर घ्यावं, कुरवाळावं. लपलं तर लपू द्यावं, ओढून बाहेर काढू नये.

(नरक चतुर्दशी, पहाट.)

आपल्याकडे पहिला बार पहाटेच उडतो. उटण्याची वाटी अजून भरलेली आहे आणि खाली सुतळी बॉम्ब फुटलाय. म्हणून आज चिंगीचं फिरणं उन्हं वर आल्यावर आणि पुन्हा दुपारी चारला, चांगलं लांबपर्यंत. गळपट्टा वेगळा, छातीभोवतीचा हार्नेस वेगळा, दोन्हींना दोऱ्या. गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर कोरलाय.

फराळाचं ताट टीपॉयवरून उचललंय. लाडवातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, चॉकलेट विषारी ठरतं, आणि तळलेलं पोटभर खाल्लं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पणत्या कट्ट्यावर ठेवल्यात, शेपटी पोचणार नाही अशा.

(लक्ष्मीपूजन. रात्री आठ ते दहा. निवेदन नाही, फक्त खोलीतला आवाज.)

सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना हीच दोन तासांची वेळ घालून दिली होती. घड्याळात आता पावणेबारा वाजलेत.

पट्टा तोडून पळालेली, गाडीखाली सापडलेली, शेपटीला माळ बांधल्यामुळे भाजलेली कुत्री या दिवसांत दवाखान्यांत येतात. प्राण्यांशी असं वागणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. खाली पार्किंगमध्ये वॉचमनकाकांनी पोती अंथरलीत, गल्लीतली कुत्री तिथे येऊन बसलीत.

(पाडवा, सकाळ.)

रस्ताभर लाल कागद आणि त्यात न फुटलेले तोटे. तोट्यातली दारू पोटात गेली तर विषबाधा होते, म्हणून चिंगीचं नाक जमिनीला लागलं की दोरी आखडती घ्यायची. फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत वाजत राहतात. दोन्ही दोऱ्या तोवर सुटणार नाहीत आणि संध्याकाळचं फिरणं दुपारीच होईल.