दोन स्टॉपचा फरक

(कोल्हापुरातील व्याख्यान. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

अध्यक्ष महोदय आणि एवढ्या पावसात छत्र्या झटकत आलेली मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'तरुणांच्या मालिका : वंश, वर्ण आणि प्रतिनिधित्व'. तीन जड शब्द एका ओळीत बसवल्याबद्दल छापखान्याचं अभिनंदन. माझं म्हणणं त्यापेक्षा हलकं आहे. मालिकेत कोण दिसणार हे लेखकाच्या टेबलावर अर्धंच ठरतं. उरलेलं अर्धं मेकअपच्या खुर्चीत आणि लाइटच्या स्टँडखाली ठरतं, आणि तिकडं समीक्षक फिरकत नाहीत. ते संवाद मोजतात. आज आपण उजेड मोजू, म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट, एक खाली म्हणजे निम्मा. शेवटी संवादांकडेही येऊ, वेळ उरला तर.

अमेरिकेचं आधी उरकून घेतो, कारण ते तुम्हाला माहीत आहे. 'बेव्हर्ली हिल्स, ९०२१०' ऑक्टोबर १९९० मध्ये सुरू झाली. श्रीमंत वस्तीतलं हायस्कूल, आणि मुख्य मित्रमंडळ सगळं गोरं. त्यातल्या अँड्रियाचं काम करणारी गॅब्रिएल कार्टेरिस तेव्हा २९ वर्षांची होती, म्हणून आपल्या मालिकांतल्या 'फर्स्ट इयर'वाल्यांच्या दाढ्यांना हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. १९९३ च्या 'पॉवर रेंजर्स'मध्ये पाच पोरं पाच रंगांचे पोशाख घालायची. त्यात काळा पोशाख कृष्णवर्णीय पोराला आणि पिवळा व्हिएतनामी वंशाच्या पोरीला. एवढ्या मोठ्या युनिटमध्ये हे कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणायचं, की आलं आणि चालून गेलं? 'फ्रेंड्स'ला काही भाग टिकणारी कृष्णवर्णीय प्रेयसी सापडायला नववा सीझन यावा लागला, २००३ साल. पुढं २०२२ मध्ये त्याच मालिकेच्या सहनिर्मात्या मार्टा कॉफमन यांनी लाज वाटते म्हणत आफ्रिकन आणि आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाच्या अध्यासनासाठी ४० लाख डॉलर ब्रँडाइस विद्यापीठाला दिले. आपल्याकडं एवढी लाज परवडणारे निर्माते कमी आहेत.

हे झालं टेबलावरचं. आता खुर्चीकडे येऊ. तिथं सुरुवात हॉलिवूडपासून करायची गरज नाही, कोल्हापूरपासून करता येते.

बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२९ साली इथंच सुरू झालेली प्रभात हा इतिहास या सभागृहात सांगणं म्हणजे गंगावेशीत दूध विकायला जाणं. पण त्या मूकपटांच्या काळातली फिल्म कसली होती, हे सहसा सांगितलं जात नाही. ती होती ऑर्थोक्रोमॅटिक. तिला निळा आणि हिरवा प्रकाश कळायचा, लाल कळायचाच नाही. आपली कातडी गव्हाळ असो की काळी, तिच्यातून परत येणाऱ्या उजेडात लाल-पिवळ्याचा वाटा मोठा. तो फिल्मला दिसत नसल्यामुळं सावळा माणूस पडद्यावर होता त्याहून काळा उतरायचा, आणि लाल ओठ तर काळे ठिक्कर पडायचे. म्हणून चेहऱ्याला पांढरट-पिवळट लेप द्यायचे. नाटकातला सफेदा होताच हाताशी. तिथंही पेट्रोमॅक्सच्या उजेडात शेवटच्या रांगेपर्यंत चेहरा पोचवायचा म्हणून तो आलेला.

म्हणजे चेहरा पांढरा करण्यामागं एके काळी तांत्रिक कारण होतं. १९३० च्या आसपास पँक्रोमॅटिक फिल्म रुळली, तिला लाल दिसू लागला आणि ते कारण संपलं. हाताची सवय मात्र गेली नाही. ती खुर्चीपाशीच राहिली, आणि आज एचडी कॅमेऱ्यासमोरही मेकअप दादांच्या डब्यातली पहिली स्टिक नटाच्या रंगापेक्षा दोन-तीन शेड वरचीच निघते.

रंगीत फिल्म आली तेव्हा दुसरा घोळ झाला. प्रिंटचा रंग बरोबर आलाय का हे तपासायला कोडॅक कंपनी लॅबना एक नमुना फोटो पाठवायची. त्यावर एक गोरी बाई. तिला म्हणायचे 'शर्ली कार्ड', पहिल्या मॉडेलच्या नावावरून. शर्लीचा चेहरा नीट आला की मशीन बरोबर, मग बाकीच्यांचं काहीही होवो. कृष्णवर्णीय मुलांचे शाळेतले फोटो आले की त्यात डोळे आणि दात तेवढे दिसायचे, पालकांची कुरकुर असायची. पण तपकिरी रंगाच्या छटा सुधारायच्या मनावर घेतलं गेलं ते फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले तक्रार करू लागले तेव्हा. त्यांना फिकं आणि गडद लाकूड जाहिरातीत वेगळं दिसायला हवं होतं. (हशा) हसा, पण घडलेलं आहे. वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे असलेली कार्डं नव्वदच्या दशकात आली.

आता प्रत्यक्ष काम. फोटोग्राफीची मुलं मागं बसलेली दिसतायत, त्यांनी लिहून घ्यावं.

लाइट मोजायचं राखाडी कार्ड १८ टक्के उजेड परत फेकतं. गोरी कातडी साधारण ३६ टक्के, म्हणजे कार्डापेक्षा एक स्टॉप वर. गडद सावळी कातडी ९ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणजे एक स्टॉप खाली. दोन मैत्रिणी कँटीनच्या एकाच बाकावर बसल्या की दोन चेहऱ्यांत दोन स्टॉपचा फरक, म्हणजे चौपट. कॅमेरामन झेब्रा ७० वर ठेवतो. कातडीचा उजळ भाग ७० टक्क्यांवर गेला की स्क्रीनवर पट्टे दिसतात, आणि हा आकडा गोऱ्या कातडीवरून ठरलेला आहे. गोरीच्या गालावर पट्टे आले की तो 'ओके' म्हणतो. सावळी तिथंच बुडाली. उलट करून सावळीच्या गालावर पट्टे येईपर्यंत आयरिस, म्हणजे लेन्सचं भोक, उघडलं तर गोरीचं कपाळ आणि दोघींचे पांढरे शर्ट जळतात, म्हणजे नुसते पांढरे ठिपके होतात. मग सोपा मार्ग काय? दोघींना एकच फिकी स्टिक लावा. दिग्दर्शकाला घाई, चॅनलला रोज बावीसेक मिनिटांचा भाग हवा, फरक चेहऱ्यावरूनच पुसून टाका.

दुसरा मार्ग दहाएक मिनिटांचा आहे. आधी सावळ्या नटासाठी लाइट लावायचा, गोऱ्यासाठी नाही. त्याला दिव्याच्या जवळ बसवा. दिवा २ मीटरवर असेल तर तो १.४ मीटरवर आणला की उजेड दुप्पट, म्हणजे एक स्टॉप तिथंच मिळाला. गोऱ्या नटाच्या बाजूला स्टँडवर नेट, म्हणजे उजेड कापणारी जाळी, घ्या. सिंगल नेट अर्धा स्टॉप कापतं, डबल नेट एक स्टॉप. पण दोन्हीकडून मिळून एक स्टॉपच भरून काढा, एक तसाच राहू द्या. पूर्ण दोन भरून काढले की दोघे एकाच रंगाचे दिसतात, म्हणजे पुन्हा सफेदाच, फक्त विजेचा. पांढऱ्या शर्टावर खालून कटर, म्हणजे उजेड अडवणारा काळा पडदा, घ्या. मागची भिंत पांढरी नको. ती फ्रेमची सगळी चमक खाते आणि कॅमेरा ऑटोवर असेल तर आयरिस बंद करून चेहरा आणखी काळा करतो. विटकरी किंवा शेवाळी भिंत चालते, वर केसांच्या कडेला मागून थोडा उजेड. आणि सगळ्यांत हमखास होणारी चूक : सीनमध्ये पोरगं उठतं, चहा आणतं, दुसऱ्या बाजूला बसतं, आणि नेट जागच्या जागी. आता सावळ्याच्याच तोंडावर नेट. जागा बदलणार असतील तर रिहर्सलला दोन्ही जागांचा उजेड लाइट मीटरनं मोजून ठेवायचा.

आणखी एक. गडद कातडी उजेड कमी पसरवते, त्यामुळं गालाचं हाड, कपाळाचा उंचवटा हे सगळं तिच्यावरच्या चमकेतून कळतं. आपल्याकडं चमक दिसली की पावडरचा पफ घेऊन धावतात. ती चमक मारली की चेहरा सपाट. वर साध्या फाउंडेशनमधल्या पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडनं गडद चेहरा राखेसारखा करडा पडतो तो वेगळाच. एचबीओच्या 'इनसिक्युअर'मध्ये (मालिका २०१६ ची) दुसऱ्या सीझनला आलेल्या छायालेखिका अॅवा बर्कोफ्स्की यांनी उलटं केलं. नटांच्या चेहऱ्याला मॉइश्चरायझर, उजेड थेट न मारता पांढऱ्या बोर्डावरून परतवून, आणि चमक हवी तेवढीच ठेवायला लेन्सवर पोलरायझर. रात्रीच्या क्लबमध्येही प्रत्येक चेहरा सुटा दिसतो. आपल्याकडं आठ बाय चारचा थर्माकोल कुठल्याही सेटवर पडलेला असतो. तो मोठा उगम आहे, गालावर लांब, मऊ चमक देतो. खर्च शून्य.

आता माझी आवडती तक्रार. अध्यक्षांनी घड्याळाकडं बघू नये.

सावळ्या नायिकेची गोष्ट करायची ठरते. चांगलं आहे. 'सात फेरे'तली सलोनी २००५ साली आली, २०१९ ला 'रंग माझा वेगळा' आली, लोकांनी डोक्यावर घेतली. रेश्मा शिंदे यांच्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण त्यांनी केलेल्या नायिकेचा, दीपाचा, सावळा रंग मेकअपचा होता. सावळ्या रंगाला घरात जागा नाही अशी गोष्ट सांगायची आणि सेटवर सावळ्या नटीला जागा द्यायची नाही, हा विनोद लेखकाला सुचलेला नाही, तो आपोआप झालेला आहे.

बरं, तांत्रिकदृष्ट्याही हा रंग टिकत नाही. कानाच्या पाळ्या, मानेचा मागचा भाग, केसांची कड, बोटांच्या बेचक्या, हमखास राहून जातात. लाइटखाली घाम आला की नाकाच्या बाजूला रेघा, पांढऱ्या ओढणीला डाग. आज मिसळलेली शेड उद्या तंतोतंत येत नाही, म्हणून एकाच सीनच्या दोन दिवसांच्या शूटमध्ये नायिका दोन रंगांची. आणि मूळ गोम अशी की खरी सावळी कातडी एका रंगाची नसतेच. कपाळ गालापेक्षा गडद, ओठांच्या कडा वेगळ्या, बोटांची पेरं वेगळी, तळहात वेगळे. एका स्टिकनं हे सगळं एकजात केलं की मुखवटा होतो. त्यावर एक उपाय शंभर टक्के चालतो. सावळी नटी घ्या. (टाळ्या)

पण ती ऑडिशनला पोचत कशी नाही ते बघा. मेसेज फिरतो : 'वय १८ ते २४, फेअर, गुड लुकिंग'. 'फेअर' हा शब्द कुणी विचार करून लिहीत नाही, जुना मेसेज कॉपी होतो. मालिकेच्या ब्रेकमधल्या जाहिरातींवर तरी बंधन आलं. सावळी व्यक्ती दुःखी, अयशस्वी दाखवू नका, असं जाहिरात मानक परिषदेनं २०१४ मध्ये सांगितलं. २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमनं नावातलं 'फेअर' काढलं. ब्रेक सुधारला. ब्रेकच्या आधीचं आणि नंतरचं त्या नियमात येत नाही.

चिठ्ठी आली आहे. 'सात मिनिटे', खाली दोन रेघा. म्हणजे मुख्य विषय सात मिनिटांत.

तर, वंश आणि जात. अमेरिकेतला वंश बहुतेक वेळा कॅमेऱ्याला दिसतो, जात दिसत नाही. म्हणून तिकडचा हिशोब इकडं उचलून लावता येत नाही. आपल्याकडं सोय म्हणून रंगच जातीचा आणि गरिबीचा खुणेचा दगड केला जातो : मोलकरणीचा पोरगा काळा, कलेक्टर होणारा गोरा. हे खोटं आहे, एका घरात सख्ख्या भावांचे दोन रंग असतात. खऱ्या खुणा वेगळ्या : आडनाव, बोली, डब्यातली भाजी, भिंतीवरचा फोटो. कॉलेजच्या हजेरीत आडनाव पहिलं पुकारतात, मालिकेतल्या मित्रांना बहुधा पहिलं नावच असतं. 'कोटा फॅक्टरी'त (२०१९) पांडे, गुप्ता, मीना अशी आडनावं आहेत, तेवढ्यानंही पोरं कुठून आली ते दिसतं. बोलीचं म्हणाल तर 'तुझ्यात जीव रंगला'नं वसगड्यात शूट करून 'चालतंय की' घराघरांत नेलं. पण पुण्या-मुंबईच्या कॉलेजवरच्या मालिकेत आपला माणूस आला की तो विनोदी मित्र. आणि 'मी जातो, मी खातो' म्हणणारी इथली पोरगी पडद्यावर लगेच 'मी जाते' म्हणायला लागते.

मोजायचं कसं? वहीचं पान घ्या, दहा भाग बघा, प्रत्येक तरुण पात्राला एक ओळ. रकाने असे : आडनाव कळलं का, घर दाखवलं का, आई-बाप बोलले का, नायक-नायिका नसताना स्वतःचा सीन आहे का, प्रेम मिळालं का, आणि त्याच्या निर्णयानं गोष्ट वळली का. दिसण्यापुरत्या मित्राचे पहिले चार रकाने रिकामे राहतात. त्याला घरच नसतं, तो नायकाच्या सोफ्यावर जन्माला आलेला असतो.

लिहिणारे कोण, हेही. 'अ डिफरंट वर्ल्ड' ही कृष्णवर्णीय कॉलेजवरची मालिका १९८७ मध्ये सुरू झाली, पण दुसऱ्या सीझनला हॉवर्ड विद्यापीठात शिकलेल्या डेबी अॅलन आल्या तेव्हा ते कॉलेज खरं वाटू लागलं. तसलं कॉलेज त्यांनी आतून पाहिलेलं होतं. भारतीय वंशाच्या अमेरिकन मुलीवरच्या 'नेव्हर हॅव आय एव्हर'साठी (२०२०) मैत्रेयी रामकृष्णन सुमारे १५ हजार अर्जांतून निवडली गेली. खुलं आवाहन केलं म्हणून एवढे अर्ज आले. निर्मात्याच्या फोनमधल्या नंबरांत एवढी माणसं नसतात.

दोन मिनिटं राहिली. इथल्या लिहिणाऱ्या पोरांसाठी : दसरा चौक आणि आसपास बघा, मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, शाहू महाराजांच्या काळापासूनची. शिकायला आलेली पोरं जातवार इमारतींत राहणार, आणि संध्याकाळी एकाच गाड्यावर चहा पिणार. सहा जणांना मुंबईच्या फ्लॅटमध्ये कोंबण्यापेक्षा ही मालिका लिहा. पहिल्या भागात सहाही जणांची आडनावं येऊ द्यात, आणि सेट लावाल तेव्हा भिंत पांढरी रंगवू नका.

प्रश्न खाली घेऊ. नेट, कटर आणि एक थर्माकोल आणलाय. दोन वेगवेगळ्या रंगांच्या माणसांनी पुढं यावं, मीटर लावून दाखवतो.