साडेचारशे वर्षं कुणी मोजली?

मंडळी, आजचा विषय पुरलेल्या प्लॅस्टिकचं काय होतं हा. त्यावर येतोच, पण आधी एक जुनी तक्रार मांडू द्या. शाळांच्या भिंतींवर, प्रदर्शनांत कुठली वस्तू कुजायला किती काळ लागतो याचा एक तक्ता हमखास असतो: केळ्याची साल इतके आठवडे, पिशवी इतकी वर्षं, बाटली 450 वर्षं. ही 450 वर्षं मोजली कुणी? पॉलिथिनचा शोध लागला 1933 साली, इंग्लंडमध्ये, तोही योगायोगाने. म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या पॉलिथिननेही अजून शंभरी गाठलेली नाही. बाटलीचं पीईटी तर त्याहून धाकटं. हा आकडा मला खुपतो, कारण त्यात दिलासा दडलाय: उशिरा का होईना, संपेल बुवा एकदाचं.

अमेरिकेत विल्यम रॅथ्जे नावाचे पुरातत्त्वज्ञ होते. उत्खननाची शिस्त त्यांनी कचऱ्याच्या ढिगांना लावली. 1987 पासून डेपो खणले, तेव्हा कित्येक वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं सरळ वाचता येतील अशी निघाली. कागदाची ही गत!

आपल्याकडे हे पाहायचं तर बायोमायनिंग, म्हणजे जुन्या कचऱ्याचे ढीग उकरून, चाळून वेगळे करण्याचं काम, चालू असेल तिथे जा. मी एका जुन्या डेपोवर गेलो होतो. जेसीबी ढीग उकरतो, माल फिरत्या चाळणीत पडतो, खालून काळी भुसभुशीत माती गळते आणि टोकाला नुसत्या मातकट चिंध्या बाहेर येतात. त्यांतली एक पिशवी उचलली. साडीच्या दुकानाची होती. हातमोज्याने पुसली तर दुकानाचं नाव, पत्ता आणि सहा आकडी फोन नंबर! सहा आकडी नंबर कधी गेले, ते तुम्हीच आठवा. (सभागृहातून: "आमचा तर पाच आकडी होता!") बघा, म्हणजे इथे माझ्याहून जुनी मंडळी आहेत. तर पिशवीच्या तोंडाची गाठ शाबूत होती. आत निर्माल्य. काळा चिकट गोळा झाला होता, पण हाराचा दोरा आणि त्यात अडकलेले देठ वेगळे ओळखू येत होते. आजूबाजूच्या ओल्या कचऱ्याची माती झाली, गाठीच्या आतल्याची झाली नाही. स्वतः न कुजणारी ही वस्तू पोटातलंही नीट कुजू देत नाही, आणि आपण रोज ओला कचरा तिच्यातच बांधून देतो.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या अणूंची हजारो कड्यांची साखळी. जिवाणूंना ती सहजी तोडता येत नाही. ऊन आणि ऑक्सिजन मिळून ती आधी कमजोर करतात, म्हणून उन्हात पडलेली साधी पिशवी हातात चुरगळते. डेपोत काही फुटांखाली ऊन नाही, आणि ओला कचरा कुजताना तिथला ऑक्सिजन संपवून टाकतो. मग पिशवी दाबली जाते, फाटते, तिचे बारीक कण सुटतात, तिच्यात मिसळलेली रसायनं झिरपणाऱ्या काळ्या पाण्यात उतरतात. तुकडे झाले म्हणजे कुजलं असं नव्हे. प्रत्येक कण पॉलिथिनच असतो. हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो. त्याने पेट घेतला की हेच प्लॅस्टिक इंधन होतं. मुंबईत देवनारच्या कचरा डेपोला जानेवारी 2016 मध्ये आग लागली, तिचा धूर उपग्रहातून दिसला होता.

प्लॅस्टिक खाणाऱ्या जिवाणूबद्दल विचाराल. जपानमध्ये 2016 साली पीईटी खाणारा सापडला, हे खरं. पण त्याला हवा लागते, आणि पिशवीचं पॉलिथिन तो खात नाही.

राहिली मक्यापासून केलेली ‘कंपोस्टेबल’ पिशवी. तिला कंपोस्टच्या कारखान्यातली 58 अंशांच्या आसपासची ऊब, ओल आणि हवा एकत्र मिळावी लागते. डेपोच्या पोटात हवाच नाही. तिथे ती बहुतेक तशीच पडून राहते. आणि कुजलीच, तर तिचाही मिथेन होतो. बाकीचं बाहेर चहाशी बोलू, तिथे प्रश्न जरूर विचारा.