कलिंगड कापताना बियांची ओळ कशी शोधायची?

(कॅमेरा ओट्यावर. पाटावर एक अख्खं कलिंगड.)

नमस्कार मंडळी. हे बघा, साडेचार किलोचं आहे. काल अलिबागहून येताना वडखळच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ढीग लागले होते, तिथून उचललं. गडद हिरवं, गोल, शुगर बेबी जातीचं. आज हे पूर्ण कापायचंय, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या बिया दोन-चार हातांत बाहेर काढायच्यात. एकेक बी सुरीच्या टोकाने टोकरत बसायचं नाही. फळाच्या आत बिया कुठे बसलेल्या असतात ते एकदा कळलं की हे जमतं.

माझं माहेर पेण तालुक्यातलं. भात कापून झालं की त्याच खाचरात काका कलिंगड लावायचे. बी टाकल्यापासून अडीच-तीन महिन्यांत फळ तयार. तोडायच्या आधी ते टिचकी मारून बघायचे: कच्चं फळ टणटण वाजतं, तयार फळाचा आवाज बद्द येतो. पण नुसत्या आवाजावर ते कधीच तोडायचे नाहीत. देठाजवळ वेलीचा जो कुरळा तणावा असतो, तो वाळलाय का ते बघायचे, आणि मग फळ हलकेच उलटं करायचे.

(कलिंगड उलटं करून दाखवते.)

हा डाग दिसतोय? फळ जमिनीवर टेकलेलं असतं ती ही जागा. ती अशी पिवळसर, सायीच्या रंगाची हवी. पांढरी फटक किंवा हिरवट असेल तर ते घाईने तोडलंय. आणि तोडलेलं कलिंगड घरी आणून गोड होत नाही. आंबा अढीत पिकतो, कलिंगडाला अढी नाही. म्हणून दुकानात हा डाग बघा, आणि सारख्या आकाराची दोन फळं दोन हातांत धरून जड असेल ते घ्या. बाजारात तणावा बघायला मिळत नाही, पण एवढं पुरतं.

आता धुणं. हे मी हात जोडून सांगते, कारण बहुतेक घरांत कलिंगड न धुताच कापतात. साल कुठे खायचीय, असं वाटतं. पण हे फळ मातीवर वाढलंय, टेम्पोतून आलंय, फुटपाथवर पडलंय. सुरी सालीतून आत जाते तेव्हा सालीवरचं सगळं गरात घेऊन जाते. आणि कलिंगडाच्या गरात लिंबा-संत्र्यासारखा आंबटपणा नाही. गोड, ओला, नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. जंतूंना यापेक्षा बरी जागा कुठे मिळणार? तेव्हा नळाखाली धरा, भाज्या धुवायच्या ब्रशने चोळा, आणि स्वच्छ फडक्याने कोरडं करा. कोरडं करणं विसरू नका. ओलं कलिंगड हातातून सटकतं.

(डावा तळवा कॅमेऱ्यासमोर.)

ही खूण आठ वर्षांपूर्वीची. घरात पाहुणे होते, मी घाईत होते. ओलं कलिंगड, गुळगुळीत ओटा आणि बोथट सुरी. कलिंगड फिरलं, सुरी घसरली, तीन टाके पडले. तेव्हापासून माझ्या घरात तीन गोष्टी ठरलेल्या आहेत. पाटाखाली ओलं पिळलेलं फडकं, म्हणजे पाट हलत नाही. सुरी लांब पात्याची आणि धारदार, कारण बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती भलतीकडे जाते. आणि तिसरी म्हणजे गोल फळ गोल असताना कापायचंच नाही. आधी त्याला बूड करून द्यायचं.

(दोन्ही टोकं कापते.)

देठाकडची एक चकती काढली, साधारण दोन बोटं जाड. आतला लाल रंग नुसता डोकावला पाहिजे. आता दुसऱ्या टोकाची. झालं. आता बघा, कसं उभं राहिलं. ढकललं तरी हलत नाही.

आता वरून मधोमध सुरी ठेवायची. एक हात मुठीवर, दुसऱ्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर, बोटं वर उचललेली. दाबत खाली.

(तडकल्याचा आवाज.)

ऐकलंत? सुरी अजून अर्ध्यावरच आहे आणि फळ तिच्या पुढे आपणहून तडकत गेलं. तयार, करकरीत कलिंगड असंच उकलतं. काकांच्या शेतावर हा आवाज आला की आम्ही पोरं बांधावरून धावत यायचो.

कधी मधोमध मोठी भेग निघते, कधी गरात पांढऱ्या दोऱ्या दिसतात. मग कलिंगडाला रंगाचं इंजेक्शन देतात असा मोबाईलवर फिरणारा मेसेज आठवतो आणि अख्खं फळ कचऱ्यात जातं. तसं करू नका. भेग बहुतेक वेळा परागीभवन नीट न झाल्याने पडते, त्यात हवामानाचाही हात असतो. पांढऱ्या दोऱ्या म्हणजे फळाच्या स्वतःच्या शिरा. आणि गरात दिसणाऱ्या पांढऱ्या मऊ बिया म्हणजे न भरलेल्या बिया, त्या खाल्ल्या तरी चालतात. फेकायचं कधी? फेस येत असेल, आंबूस वास येत असेल किंवा गर बुळबुळीत लागत असेल तेव्हा. मग चाखूनसुद्धा बघू नका.

(अर्ध्या भागाच्या दोन उभ्या फाका करते. एक फाक सालीवर टेकवून जवळ आणते.)

आता कॅमेरा जरा जवळ आणते. हा वरचा कोपरा म्हणजे फळाचा गाभा. इथे एकही बी नाही. सालीजवळही बघा, नाही. बिया आहेत त्या मधल्या पट्ट्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने. फाकेच्या दोन्ही बाजूंना ही ओळ दिसते. आपण नेहमी काय करतो? फाकेचे आडवे तुकडे करतो आणि ही ओळ दहा ठिकाणी तोडतो. मग बिया सगळीकडे.

त्याऐवजी सुरीचं टोक या ओळीवर ठेवा आणि ओळीनेच चालवत न्या. दुसऱ्या बाजूनेही तसंच. वरचा तुकडा उचला. हे बघा! गाभा वेगळा झाला आणि बिया दोन्ही पृष्ठांवर उघड्या पडल्या. आता काट्याच्या चमच्याने खरवडा, वरून खाली. ताटलीत पडतायत बघा. एखाददुसरी आत राहील, ती खाताना निघेल. माझ्या सासूबाईंना दातांचा त्रास आहे, बियांमुळे त्यांनी कलिंगड सोडलंच होतं. आता त्यांची वाटी मी अशीच भरते.

अजून एक. गाभा सगळ्यात गोड, सालीकडे गोडी कमी होत जाते. तुकडे करताना गाभ्याचे आणि बाहेरचे मिसळून वाढा. नाहीतर पहिल्याला सगळी साखर आणि शेवटच्याला काकडी.

मीठ, चाट मसाला जे काही आवडतं ते ताटात घेतल्यावरच भुरभुरवा. आधी लावून ठेवलंत की मीठ पाणी ओढतं, दहा मिनिटांत तुकडे मरगळतात आणि तळाशी पाणी साचतं. रस करायचा असेल तरी बिया आधी काढाच, मिक्सरमध्ये भरडल्या की रसाला कडवट चव येते. साखर नको. थोडं लिंबू, काळं मीठ आणि चार पुदिन्याची पानं पुरतात.

अख्खं कलिंगड फ्रिजबाहेर, सावलीत ठेवलं तरी चांगलं राहतं. खायच्या आधी काही तास गार करा. आमच्याकडे गोणपाटात बांधून विहिरीत सोडायचे, दुपारी वर काढलं की दात शिवशिवायचे. कापलेलं मात्र लगेच झाकणाच्या डब्यात आणि फ्रिजमध्ये. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, भर उन्हाळ्यात त्याहूनही कमी. फ्रिजमधलं तीन दिवसांत संपवा.

(साली पुढे ओढते.)

आणि आता याला हात लावायचाय, कारण हे टाकून देताना मला खरंच वाईट वाटतं. सोलाण्याने वरची हिरवी कडक साल काढा. राहिला हा पांढरा भाग. चव जवळपास दुधीसारखी. हा मी किसते. दोन वाट्या कीस झाला. यात मावेल तेवढी थालिपिठाची भाजणी, एक बारीक चिरलेला कांदा, तिखट, हळद, ओवा, कोथिंबीर, मीठ. पाणी घालू नका, किसालाच इतकं पाणी सुटतं की भाजणी आपोआप भिजते. पाच मिनिटं झाकून ठेवा, मग लागली तर चमचाभर भाजणी अजून. ओल्या फडक्यावर थापा, मधोमध भोक पाडा, तव्यावर तेल सोडून झाकण ठेवा. कडा खरपूस होतात आणि आत लुसलुशीत राहतं.

(तव्यावर थालीपीठ उलटते.)

विदर्भातल्या माझ्या मैत्रिणी याला टरबूज म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात, आणि या पांढऱ्या भागाचं तुमच्या घरी काय होतं, भाजी, घावन की कोशिंबीर, ते मला खाली लिहा. कोशिंबीर मी दाण्याचं कूट आणि दही घालून करते, पण फोडणीत काय घालावं यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. लोण्याचा गोळा घेते, हे उतरलं.