युकुलेलीचं दप्तर उघडणारा वादक

(दृश्य: होनोलुलू बंदराची जुनी छायाचित्रं)

ऑगस्ट १८७९. अटलांटिकमधल्या मदेरा बेटावरून निघालेलं 'रेवन्सक्रॅग' हे जहाज चार महिन्यांनी होनोलुलूला लागलं. जहाजावर चारशेहून जास्त पोर्तुगीज माणसं, बहुतेक उसाच्या मळ्यांसाठी आणलेली. गोष्ट अशी सांगतात, की जुआंव फर्नांडिस नावाच्या एका प्रवाशानं सुखरूप पोचल्याच्या आनंदात धक्क्यावरच एक चिमुकलं तंतुवाद्य छेडलं, हवाईची माणसं बघतच राहिली, आणि युकुलेली जन्माला आली.

गोष्ट छान आहे. पण वाद्यं अशी एका दुपारीत जन्माला येत नाहीत.

हे ज्यांनी कागदपत्रांनिशी दाखवलं, त्या दोघांपैकी एक स्वतः युकुलेलीचे अव्वल वादक होते. जॉन किंग. दुसरे जिम ट्रँक्वाडा. त्याच जहाजातून तीन सुतार उतरले होते: मानुएल नुनेस, जोसे दो एस्पिरितो सांतो आणि आउगुस्तो दियास. ट्रँक्वाडा हे या दियासचे खापरपणतू.

दोघांनी जुनी वर्तमानपत्रं चाळली. जहाज लागून दोन आठवडे व्हायच्या आतच 'हवाईयन गॅझेट'मध्ये बातमी आली होती, की मदेराचे वादक रोज रात्री रस्त्यावर वाजवतात, आणि त्यांची वाद्यं गिटार आणि बँजो यांच्या मधलं काहीतरी दिसतात. त्या बातमीत युकुलेली हे नावच नाही. मदेराहून आली होती ती दोन वेगळी वाद्यं. एक छोटं, चार तारांचं माशेत. दुसरं जरा थोराड, पाच तारांचं राझांव. आकार माशेतचा घ्यायचा आणि तारा राझांवच्या वरच्या चार तारांसारख्या लावायच्या, की झाली युकुलेली. त्यात लाकूड हवाईचं कोआ, म्हणजे आपल्या बाभळीच्या नात्यातलं. ही जुळणी त्या तिघा सुतारांच्या दुकानांत, १८८०च्या दशकात होत गेली. हवाईचा राजा कालाकाऊआनं तिला दरबारात मान दिला.

पुढे नुनेसच्या वाद्यांवर लेबल लागायचं: युकुलेलीचा शोध लावणारा, १८७९. जाहिरातीचा मजकूर इतिहास म्हणून खपतो, हे आपल्याला नवीन नाही. दियास आणि एस्पिरितो सांतो मात्र मागे पडले. किंग आणि ट्रँक्वाडा यांनी २००३ साली 'हवाईयन जर्नल ऑफ हिस्टरी'त लेख लिहिला आणि तिघांनाही पुन्हा एका ओळीत आणून बसवलं.

(दृश्य: वादकाचे दोन्ही हात, अगदी जवळून)

आता किंग यांच्या हातांकडे येऊ. खरी गंमत इथे आहे.

युकुलेलीची मधली एक तार सा धरली, तर वरून खाली तारा लागतात अशा: प, सा, ग, ध. पण हा प खालचा नाही. तो ग च्याही वरचा आहे. म्हणजे वादकाच्या चेहऱ्याजवळची तार जाड नसून बारीक, उंच सुराची. नवशिक्याला हा घोटाळा वाटतो. किंगना त्यात खजिना दिसला.

प, ध, नी, सा वाजवायचं आहे. साधा वादक एकाच तारेवर बोट सरकवतो, आणि पुढचा सूर मागच्याला गिळतो. किंग प वरच्या मोकळ्या, म्हणजे बोट न दाबलेल्या तारेवर घेतात, ध एकदम खालच्या मोकळ्या तारेवर. नी साठी पुन्हा वर, चौथ्या पडद्यावर. तार सा साठी पुन्हा खाली, तिसऱ्या पडद्यावर. शेजारचे सूर शेजारच्या तारेवर नाहीतच. त्यामुळे प विरायच्या आत ध येतो, ध घुमत असतानाच नी येतो. देवळात एका रांगेत टांगलेल्या लहान घंटा पाठोपाठ वाजाव्यात, तसं. या पद्धतीला कॅम्पनेला म्हणतात. गास्पर सान्स या स्पॅनिश वादकाच्या १६७४ सालच्या पुस्तकात गिटारसाठी ती सापडते. त्या काळच्या गिटारच्या तारा अशाच उलटसुलट लागायच्या.

या रीतीनं किंग यांनी जर्मन संगीतकार बाखचं, मुळात एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेलं संगीत युकुलेलीवर आणलं. १९९८ साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. विदूषकाच्या हातातलं खेळणं समजल्या जाणाऱ्या वाद्यावर बाख! आणि तोही चमत्कार म्हणून नाही. ऐकताना वाटतं, हे याच वाद्यासाठी लिहिलं असावं.

(दृश्य: बिल टापिया मंचावर)

या वाद्याच्या वादकांचा आणि कारागिरांचा सन्मान करण्यासाठी अमेरिकेत १९९६ साली युकुलेली हॉल ऑफ फेम म्युझियम नावाची संस्था सुरू झाली. २००४ साली तिनं बिल टापियांना मान दिला. टापियांचा जन्म होनोलुलूचा, १९०८चा. आपली पहिली युकुलेली खुद्द नुनेसकडून ७५ सेंटना घेतली, असं ते सांगायचे. मधली कित्येक दशकं त्यांनी जॅझ गिटार वाजवली आणि म्हातारपणी पुन्हा युकुलेली हातात घेतली. पहिला अल्बम निघाला तेव्हा वय ९६. २०११ साली १०३व्या वर्षी ते गेले.

किंगना एवढं आयुष्य मिळालं नाही. २००९ साली, पंचावन्नाव्या वर्षी ते वारले. ट्रँक्वाडांबरोबर लिहिलेला युकुलेलीचा सविस्तर इतिहास हवाई विद्यापीठाच्या प्रकाशनानं छापला, तो २०१२ मध्ये. पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. आत राजा आहे, नुनेस आहे, आणि आउगुस्तो दियासही आहे.