पडदा वर गेल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

आज एका नटीबद्दल बोलायचंय. नाव सिबिल थॉर्नडाइक. कानाला नवं वाटेल म्हणून पुन्हा सांगतो, सिबिल थॉर्नडाइक. जन्म १८८२चा, इंग्लंडमधल्या गेन्सबरो गावचा. बालपण रॉचेस्टरला गेलं, कारण वडील तिथल्या मोठ्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. १९०४ साली बाई रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि १९६९पर्यंत उभ्याच होत्या. पासष्ट वर्षं, श्रोतेहो!

खरं तर त्यांना व्हायचं होतं पियानोवादक. लहानपणापासून तासन् तास रियाज चालायचा. आणि ऐन उमेदीत मनगट आखडायला लागलं. बोटं चालेनात. घरात रडारड झाली असणारच, पण धाकटा भाऊ रसेल नाटकवेडा होता, त्यानं बहिणीला आपल्याबरोबर नाटकात ओढलं. बेन ग्रीट नावाच्या नाटक कंपनीवाल्याबरोबर त्या अमेरिकेच्या दौऱ्यावर गेल्या. शहराशहरांतून शेक्सपिअर. कधी थिएटरात, कधी उघड्या मैदानात. तीन-चार वर्षांत शंभरावर भूमिका केल्या. त्या ताणानं काय झालं? आवाज गेला. आधी हात गेला, मग आवाज गेला. परत आल्यावर डॉक्टरांनी बजावलं की काही आठवडे तोंडातून एक शब्द काढायचा नाही. बाईंनी ते तंतोतंत पाळलं. घरातल्या माणसांशीसुद्धा चिठ्ठ्या लिहून बोलायच्या. आणि आवाज परत आला, तो पुढं सत्तर वर्षं टिकला.

इथं एक सांगतो, विषयाला थोडं सोडून आहे. मी स्वतः हौशी रंगभूमीवर वीसएक वर्षं काम केलंय. आमच्या तालमीत मास्तर शेवटच्या रांगेत बसायचे आणि तिथून ओरडायचे, "पोचत नाही!" आता शर्टाला माइक लावतात, आणि नट पहिल्या रांगेशी कुजबुजावं तसं बोलतो. मला हे मनापासून खटकतं. शेवटच्या रांगेतल्या माणसानंही तिकीट काढलेलं असतं. असो.

आता मला जो किस्सा सांगायचाय तो.

१९१४ साल. पहिलं महायुद्ध पेटलेलं. नवरा लुईस कॅसन, तोही नट आणि दिग्दर्शक, सैन्यात गेलेला. घरात लहान लहान मुलं, आणि १९१५मध्ये चौथं झालं. अशा वेळी सिबिलबाई लंडनमध्ये वॉटर्लू स्टेशनजवळच्या ओल्ड व्हिक थिएटरात कामाला लागल्या. वस्ती कामगारांची. वरच्या सज्जाचं तिकीट दोन पेनी. आणि हे थिएटर चालवायच्या लिलियन बेलिस नावाच्या बाई.

या बेलिसबाई म्हणजे काय प्रकरण होतं, ते ऐका. अतिशय देवभोळ्या. नटांचा पगार वाढवायची वेळ आली की आधी देवाला विचारायच्या, आणि देव बहुतेक वेळा "नको" म्हणायचा. पैसा नव्हताच हो त्यांच्याकडे, त्यात लबाडी नव्हती. पण माया अशी की दुपारचा आणि रात्रीचा असे दोन प्रयोग असले, तर नटमंडळी उपाशी राहू नयेत म्हणून विंगेतच गॅसची शेगडी पेटवून त्या सॉसेज तळायच्या. इकडं स्टेजवर राजाचा खून चाललाय आणि तिकडून तळणाचा वास थेट प्रेक्षकांत! आपल्याकडं दौऱ्यावर विंगेत चहा उकळतो ना, आल्याचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत जातो, तसंच.

पुरुष नट युद्धावर गेलेले. मग पुरुषांची कामं करायची कुणी? सिबिलबाईंनी! शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'मधला राजपुत्र हॅल त्यांनी केला, किंग लिअरमधला विदूषक केला. अंगरखा चढवायचा, आवाज खाली आणायचा आणि उभं राहायचं.

लंडनवर तेव्हा रात्रीबेरात्री बॉम्ब पडायचे. आधी झेपलिन यायची, म्हणजे ती हवेपेक्षा हलक्या वायूनं भरलेली प्रचंड हवाई जहाजं, पुढं विमानं आली. एका रात्री सिबिलबाई प्रयोगाला निघाल्या. भुयारी रेल्वेनं वॉटर्लूला उतरल्या, तर वर हल्ला सुरू. माणसं खाली दाटीवाटीनं उभी, वर कुणी कुणाला जाऊ देईना. बाई म्हणाल्या, मला जायलाच हवं, ओल्ड व्हिकचा पडदा वर गेलाय. लोकांनी वेड्यात काढलं असेल. पण आवाज जरा थांबल्यासारखा वाटला तशा त्या निसटल्या आणि अंधाऱ्या रस्त्यातून धावत सुटल्या. डोळ्यांसमोर आणा, श्रोतेहो. दिवे घालवलेलं शहर, डोक्यावर घरघर, आणि एक चार मुलांची आई प्रवेश चुकू नये म्हणून धावतेय.

धापा टाकत दारात पोचल्या. दारात बेलिसबाई उभ्या. चेहरा लालबुंद. "इतका वेळ कुठं होतीस?"

सिबिलबाई म्हणाल्या, "अहो, हल्ला चाललाय! सगळे खाली अडकलेत."

त्यावर बेलिसबाई कडाडल्या, "हल्ला? माझा पडदा वर गेल्यावर हल्ल्याचं काय घेऊन बसलीस!"

बस. पुढं एक शब्द नाही. सिबिलबाई आत गेल्या, कपडे चढवले आणि स्टेजवर गेल्या. प्रेक्षकांत मोजकी माणसं होती, पण होती. प्रयोग झाला. या बेलिसबाईंवर पुढं सिबिल आणि रसेल या भावाबहिणींनी मिळून एक पुस्तकच लिहिलं. मी हा किस्सा किती जणांना सांगितलाय, हिशेब नाही. दर वेळी "माझा पडदा" हे शब्द आले की अंगावर काटा येतो.

वेळ संपत आलाय, म्हणून पुढचं भराभर सांगतो.

१९२२मध्ये नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉनं त्यांना एका नाटकात पाहिलं आणि आपली जोन ऑफ आर्क, म्हणजे फ्रेंच सैन्याच्या पुढं उभी राहिलेली ती मुलगी, सापडली असं ठरवून टाकलं. २६ मार्च १९२४ला लंडनच्या न्यू थिएटरात 'सेंट जोन' लागलं. बाई तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या, आणि जोन एक खेड्यातली कोवळी पोर. तरी लंडननं ती मान्य केली. १९३१मध्ये 'डेम' हा किताब मिळाला, म्हणजे पुरुषांना 'सर' मिळतो तसा. दुसऱ्या महायुद्धात नवऱ्याबरोबर वेल्समधल्या कोळसा खाणींच्या गावागावांतून त्यांनी 'मॅकबेथ' केलं, दोन हजार वर्षांहून जुनी ग्रीक 'मेडिया' केली, आणि खाणकामगारांनी ती डोक्यावर घेतली. जड नाटक साध्या माणसाला झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे ऐकवतो. १९५४च्या सुमारास दोघं काव्य-नाट्यवाचनाचे कार्यक्रम घेऊन हिंदुस्थानातही येऊन गेली.

सिनेमेही केले. रहस्यपटवाल्या हिचकॉकबरोबर केला. १९५७च्या 'द प्रिन्स अँड द शोगर्ल'मध्ये समोर मर्लिन मन्रो. मन्रोला सेटवर यायला उशीर व्हायचा, दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिए वैतागायचा. तेव्हा पंचाहत्तरीला आलेल्या सिबिलबाईंनी तिची बाजू घेतली. कॅमेऱ्यासमोर काम कसं करायचं ते आपल्यात हिलाच कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर हे कबूल करणं सोपं नसतं.

लुईस १९६९मध्ये गेले. साठ वर्षांचा संसार होता.

आता शेवटचं. २८ फेब्रुवारी १९७६. ओल्ड व्हिकमध्ये बसलेलं नॅशनल थिएटर आता नव्या इमारतीत जाणार होतं, त्याची निरोपाची रात्र. कार्यक्रम बेलिसबाईंच्या आठवणीत. बेलिसबाईंची भूमिका केली नामवंत नटी पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी. सिबिलबाई त्र्याण्णव वर्षांच्या, चाकाच्या खुर्चीतून आलेल्या, प्रेक्षकांत बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांची खुर्ची रांगांमधल्या वाटेनं ढकलत नेली, आणि सगळं थिएटर उठून उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. त्यानंतर सव्वातीन महिन्यांनी, ९ जूनला, त्या गेल्या.

नमस्कार.