त्या ऑब्जेक्टला धरून कोण बसलंय?

(पुण्यातल्या जावा डेव्हलपरांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, हिंजवडीचं ट्रॅफिक पार करून तुम्ही कोथरूडला आलात, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. सीरियलायझेशन म्हणजे मेमरीतलं ऑब्जेक्ट बाइट्समध्ये लिहिणं, म्हणजे ते दुसऱ्या सर्व्हरवर परत वाचता येतं. लॉगमध्ये ‘नॉट सीरियलायझेबल एक्सेप्शन’, म्हणजे ‘हे ऑब्जेक्ट असं लिहिता येत नाही’ हा एरर, दिसला की आपला हात आधी कुठे जातो? त्या क्लासपुढे ‘इम्प्लिमेंट्स सीरियलायझेबल’, म्हणजे ‘याला लिहायला परवानगी आहे’, असं लिहायला. बिल्ड होतं, डिप्लॉय होतं, आणि तोच एरर दुसऱ्या क्लासचं नाव घेऊन परत येतो.

एका प्रोजेक्टवर आम्ही यात दोन रात्री घालवल्या. दोन टॉमकॅट सर्व्हर, पुढे त्यांच्यात रिक्वेस्ट वाटणारा लोड बॅलन्सर, आणि सेशन रेप्लिकेशन (ग्राहकाचा चालू डेटा, म्हणजे सेशन, दुसऱ्या सर्व्हरवरही ठेवणं) नुकतंच चालू केलेलं. ग्राहक दुसऱ्या सर्व्हरवर गेला की त्याची कार्ट गायब. लॉगमध्ये नाव होतं ‘प्राइसिंगसर्व्हिस$१’. ते डॉलर आणि एक नीट बघा: सर्व्हिसच्या पोटात लिहिलेला बिननावाचा क्लास. आम्ही त्याला नाव दिलं, सीरियलायझेबल केलं. मग एरर आला खुद्द प्राइसिंगसर्व्हिसचा. तीही केली. मग डेटाबेसची कनेक्शनं सांभाळणाऱ्या कनेक्शन पूलचा, आणि तो कोड आमचा नव्हताच. तिथे हात टेकले.

सर्व्हिस सेशनमध्ये शिरलीच कशी, हे कोणी विचारलंच नव्हतं. एक्सेप्शन फक्त क्लासचं नाव सांगतं, तिथवरची वाट सांगत नाही. ती वाट हवी असेल तर जेव्हीएमला (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला) ‘सन.आयओ.सीरियलायझेशन.एक्स्टेंडेडडीबगइन्फो’ ही प्रॉपर्टी ट्रू करून द्या. मग मेसेजखाली फील्ड आणि ऑब्जेक्टची उतरंड येते. ती खालून वर वाचायची, कारण रूट ऑब्जेक्ट तळाला असतो. आमच्या तळाला कार्ट होती, तिच्यात ट्रीसेट (क्रमाने लावलेला संच), ट्रीसेटमध्ये कम्पॅरेटर (क्रम ठरवणारा, आम्ही नाव दिलेला तोच क्लास), आणि कम्पॅरेटरमध्ये ‘धिस$०’ नावाचं फील्ड. ते आमच्यापैकी कोणीही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या क्लासच्या पोटातला इनर क्लास स्टॅटिक (बाहेरच्या ऑब्जेक्टशी न बांधलेला) नसला की बाहेरच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स कम्पायलर गुपचूप त्यात ठेवतो. किमतीनुसार रांग लावणाऱ्या चार ओळींमागून अख्खी सर्व्हिस सेशनमध्ये आली होती. कम्पॅरेटर स्टॅटिक केला, सर्व्हिसवरचं सीरियलायझेबल काढून टाकलं, कार्ट दिसू लागली.

फील्डला ‘ट्रान्झिएंट’ (‘हे लिहू नका’) लावून मोकळं व्हायचा मोहही आवरा. लिहिताना एरर जातो खरा, पण दुसऱ्या सर्व्हरवर ते फील्ड नल, म्हणजे रिकामं, होऊन उतरतं आणि नलपॉइंटर एरर भलत्याच ठिकाणी फुटतो. ते परत भरायचं काम ऑब्जेक्ट वाचताना चालणाऱ्या ‘रीडऑब्जेक्ट’ मेथडमध्ये करा. ग्राहकाचा डेटा लक्षात ठेवणारी स्टेटफुल सेशन बीन असेल तर कनेक्शन ‘प्रीपॅसिव्हेट’मध्ये (ती बाजूला ठेवली जाण्याआधी) सोडा, ‘पोस्टॲक्टिव्हेट’मध्ये (ती परत आल्यावर) पुन्हा घ्या.

रिलीजनंतर ‘इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन’ आलं तर मेसेजमधले दोन आकडे ताडून बघा. ते आकडे म्हणजे ‘सीरियलव्हर्जनयूआयडी’, क्लासच्या आवृत्तीची खूण: एक लिहिलेल्या डेटातला, एक आताच्या क्लासचा. तो तुम्ही दिला नसेल, तर तो क्लासच्या रचनेवरून काढला जातो, आणि एक पब्लिक मेथड वाढली तरी बदलतो. म्हणून तो स्वतः लिहा. मग नवं फील्ड वाढलं तरी जुना डेटा वाचता येतो. असलेल्या फील्डचा टाइप बदललात तर मात्र तो आकडा तुम्हाला वाचवणार नाही.

सेशनमध्ये जाणारं प्रत्येक ऑब्जेक्ट युनिट टेस्टमध्ये बाइट ॲरेत लिहा आणि परत वाचा. त्यात खऱ्यासारखा डेटा भरा. फील्ड ‘ऑब्जेक्ट’ टाइपचं आहे की ‘लिस्ट’, याच्याशी सीरियलायझेशनला देणंघेणं नाही. त्या क्षणी आत काय बसलंय, एवढंच ते बघतं. नल फील्डची कार्ट टेस्टमध्ये हमखास पास होते.